उद्धरणांची संख्या आणि सहलेखकांची यादी यांवरून संशोधकाचे काम कसे जोखावे?

सातपुडा_पायथा (प्रश्न)

नमस्कार. मी यावल तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या संस्थेच्या वर्धापनदिनी दर वर्षी एका प्राध्यापकाचा उत्कृष्ट संशोधक म्हणून सत्कार होतो आणि यंदाच्या निवडसमितीत माझा समावेश झाला आहे. शेवटी दोन सहकाऱ्यांची नावे उरली आहेत आणि गाडी तिथेच अडली आहे.

पहिले रसायनशास्त्राचे सर नॅनोपदार्थांवर काम करतात. गूगल स्कॉलरवर त्यांची सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत त्यांच्या निबंधांचे झालेले उल्लेख, उद्धरणे) चौदाशेच्या आसपास आणि एच-इंडेक्स १९ दिसतो, आणि त्यांच्या शोधनिबंधांवर दक्षिण कोरिया, तैवान, मलेशिया येथील सहलेखकांची नावे असतात. दुसऱ्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम केळीवरील विषाणूजन्य रोगांवर, विशेषतः आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात त्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगावर, कितीतरी वर्षे काम करत आहेत. त्यांची सायटेशन दीडशेच्या घरात आणि एच-इंडेक्स ६ आहे. त्यांचे सहलेखक म्हणजे मुख्यतः त्यांचेच विद्यार्थी आणि एक-दोन कृषी संशोधक.

समितीतील एका सदस्यांच्या मते आकडे इतके स्पष्ट असताना चर्चेला जागाच नाही. पुरस्काराच्या नियमात मात्र केवळ ‘संशोधनाचा प्रभाव’ एवढेच शब्द आहेत आणि तो कसा मोजायचा याविषयी एक ओळही नाही. दोन वेगळ्या विषयांतील माणसांची सायटेशन अशी शेजारी ठेवता येतात का, आणि परदेशी सहलेखक असणे हे स्वतंत्रपणे गुणाचे मानावे की त्यामुळेच सायटेशन वाढत असल्याने ते एकदाच मोजावे, यावर जाणकारांनी कृपया लिहावे. निकाल कोणाच्या बाजूने लागावा असा माझा आग्रह नाही. मला सभेत कारणे देता आली पाहिजेत, एवढेच.

ग्रंथपाल_धुळे

मॅडम, मी ग्रंथालयात काम करत असल्याने आकडे कुठून येतात याविषयी आधी लिहितो, कारण या प्रकारचे निम्मे वाद तिथेच मिटतात. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही ठिकाणी एकाच व्यक्तीची सायटेशन वेगवेगळी दिसतात. स्कॉलर प्रबंध, परिषदांतील निबंध, प्रकाशनपूर्व मसुदे असे बरेच काही धरतो, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. उरलेल्या दोन ठिकाणी निवडलेल्या पत्रिका आणि काही निवडक प्रकाशनेच मोजली जातात. दोघांचेही आकडे एकाच ठिकाणाहून आणि एकाच दिवशी काढा.

दुसरी गोष्ट नावांची. खानदेशात पाटील, चौधरी आणि महाजन इतके आहेत की आद्याक्षरे जुळली की स्कॉलर दोघा-तिघांचे निबंध एका खात्यात घालून मोकळा होतो, आणि खातेदाराने ते स्वतःहून काढले नाहीत तर आकडा फुगलेलाच राहतो. याच्या उलट, लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचे आधीचे निबंध माहेरच्या नावावर पडून असतात आणि त्यांचा हिशेब कोणी करत नाही. हा गोंधळ टाळण्यासाठीच २०१२ पासून ऑर्किड हा प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो, परंतु जुने निबंध त्याला जोडण्याचे काम संशोधकालाच करावे लागते. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमच्या बाबतीत हे आवर्जून तपासा.

एच-इंडेक्सविषयी सभेत प्रश्न येईलच. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा ती ४८, २१, ९, ६, ५, ४, २ अशी आहेत. पाचव्या निबंधाला पाच सायटेशन आहेत, सहाव्याला सहा नाहीत, त्यामुळे एच-इंडेक्स ५ झाला. पहिल्या निबंधाला ४८ ऐवजी ४८०० सायटेशन असती तरीही उत्तर ५ च आले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याला काय दिसत नाही ते कळते. एकच एक मोठे काम त्याला दिसत नाही, सहलेखकांमध्ये कोणाचा वाटा किती हेही दिसत नाही, आणि नवे काम थांबले तरी तो वर्षांगणिक वाढू शकतो. कोणताही एकच आकडा माणसाच्या कामाचा ढोबळ अंदाजच देतो, अशी सूचना हर्श यांनी मूळ निबंधातच करून ठेवली होती. ती वाचणारे थोडे आणि आकडा वापरणारे फार.

आता विषयांमधील फरक. केळीचे आणि कोरडवाहू कापसाचे एकरी क्विंटल शेजारी मांडून कोणता शेतकरी हुशार हे आपल्याकडे कोणी ठरवणार नाही, पण महाविद्यालयांत सायटेशनच्या बाबतीत नेमके तेच चालते. पदार्थविज्ञान आणि नॅनो क्षेत्रात संशोधकांची संख्या प्रचंड, प्रत्येक निबंधाखालची संदर्भयादी लांब आणि निबंध पाठोपाठ येणारे, त्यामुळे तिथे सायटेशन लवकर आणि पुष्कळ मिळतात. एका पिकावरील एका रोगाचा अभ्यास करणारी माणसे जगात मोजकी, आणि त्यांच्या भारतीय पत्रिकांपैकी अनेक स्कोपसमध्ये नाहीत. यावर उपाय म्हणून त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीशी तुलना करणारे गुणोत्तर स्कोपसच्या आकडेवारीवरून काढले जाते. ते १ असेल तर काम सरासरीइतके, २ असेल तर दुप्पट उद्धृत झालेले. निबंध थोडे असतील तर हे गुणोत्तरही एखाद्या निबंधामुळे वरखाली होते, तरी कच्च्या बेरजेपेक्षा ते कितीतरी न्याय्य आहे.

पत्रिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज कोणी समितीपुढे ठेवली तर ती बाजूला सारा. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला आणि इम्पॅक्ट फॅक्टर त्याच घरातला. तो पत्रिकेच्या मागील दोन वर्षांतील लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी सांगतो. त्या पत्रिकेतील अमुक एका निबंधाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण थोड्याच निबंधांना भरमसाट सायटेशन मिळून सरासरी वर जाते. व्यक्तीचे मूल्यमापन त्यावरून करू नये असे सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेला जाहीरनामा स्पष्ट सांगतो, आणि तरीही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर वाढेल तसे गुण वाढवून देण्याची सोय आहे. आपल्याला पदोन्नतीच्या फाइलसाठी तो हिशेब करावाच लागतो. पुरस्कारासाठी तो करण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

निवृत्त_भौतिकी_अमळनेर

ग्रंथपालांनी मोजणीचे सांगितले आहे. मी सायटेशन कशासाठी केले जाते यावर थोडे लिहितो.

लेखक दुसऱ्याचा निबंध उद्धृत करतो तेव्हा त्याने त्याच्या कामावर आपले काम उभारलेले असते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात प्रस्तावनेत चार-पाच नावे एका दमात लिहून टाकायची, परीक्षकाने सुचवले म्हणून घालायचे, पद्धत वापरली म्हणून घालायचे, चूक दाखवण्यासाठी घालायचे, असे सगळेच त्यात येते. जगातील सर्वाधिक उद्धृत निबंधांमध्ये लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध आहे, ज्याची सायटेशन तीन लाखांच्या पुढे गेली आहेत. तो प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या एका उपयुक्त पद्धतीविषयी आहे. मोठा सिद्धान्त त्यात नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा १९९८ चा वेकफील्ड यांचा निबंध ‘द लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशन हजारोंनी आहेत आणि त्यांतील पुष्कळ त्याला खोडून काढणारी आहेत. मोजणी करणारे यंत्र या दोहोंत भेद करत नाही.

उलट बाजूही आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये जो आलेख मांडला, त्यावर आजही प्रथिनांच्या रचना तपासल्या जातात. तो इतका सर्वांचा झाला की कितीतरी निबंधांत ‘रामचंद्रन प्लॉट’ एवढेच लिहिले जाते आणि मूळ निबंध संदर्भयादीत येत नाही. काम पूर्णपणे मुरले की त्याचे सायटेशन कमी होऊ लागते, ही या मोजणीतील खरोखर विलक्षण गोष्ट आहे. हिग्ज कणाचे भाकीत करणारे भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी १९६४ च्या त्या प्रसिद्ध कामानंतर दहापेक्षा कमी निबंध लिहिले आणि २०१३ मध्ये, नोबेल मिळाले त्याच वर्षी, आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरी मिळाली नसती असे ते म्हणाले.

ही थोरांची उदाहरणे दिली म्हणून कमी सायटेशन असलेला प्रत्येक जण दुर्लक्षित प्रतिभावंत ठरत नाही, हेही लिहून ठेवतो. ज्या निबंधाला दहा-पंधरा वर्षांत कोणीच हात लावला नाही तो बहुधा कोणाला लागलाच नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले की ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडते. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याचा आकडा वाचताना थोडी उदार नजर ठेवावी, पण आकडा नाकारू नये. माझी सूचना अशी की दोघांच्याही सर्वाधिक उद्धृत तीन-चार निबंधांना उद्धृत करणारे निबंध प्रत्यक्ष उघडून पाहा आणि कोणी, कोणत्या परिच्छेदात, कशासाठी नाव घेतले ते टिपा. सभेत कारणे द्यायची असतील तर हीच टिपणे उपयोगी पडतील.

केळीबाग_रावेर

ताई, मी प्राध्यापक नाही. कृषी पदवीधर आहे आणि घरची केळी पाहतो. परंतु दुसरे नाव केळीच्या रोगावर काम करणाऱ्यांचे असल्याने लिहावेसे वाटले.

हरण्या मावा किडीमुळे पसरतो, आणि काकडीवर्गीय पिके व काही तणे त्या विषाणूला आसरा देतात. बागेत काकडी, भोपळा यांसारखे आंतरपीक घेऊ नये, रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे, आणि ऊतीसंवर्धित रोपे विषाणूची तपासणी झालेलीच घ्यावीत, हे आमच्या भागात आज बहुतेकांना ठाऊक आहे. कोणत्या तरी संशोधकाने रोग ओळखला, नमुने तपासले, मग ते कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत, तिथून कृषी विज्ञान केंद्राच्या घडीपत्रिकेत आणि तिथून आमच्यापर्यंत आले. या साखळीतले आम्ही शेवटचे, आणि आम्ही निबंध लिहीत नाही, तेव्हा आमच्याकडून सायटेशन मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या संशोधनाचे वाचक निबंध लिहिणारेच आहेत त्याचा प्रभाव सायटेशनमध्ये उतरतो. ज्याचे वाचक बांधावर आहेत त्याचा उतरत नाही. समितीने मॅडमकडून शिफारशींची कागदपत्रे, प्रशिक्षणांच्या नोंदी, रोपवाटिकांशी झालेला पत्रव्यवहार असे काही मागवावे असे मला वाटते.

संशोधन_कक्ष_जळगाव

सहलेखनाविषयी विचारले आहे त्यावर लिहितो, कारण ते सर्वांत गैरसमजाचे आहे.

परदेशी सहलेखक असलेल्या निबंधांना सरासरीने अधिक सायटेशन मिळतात, हे अनेक अभ्यासांत वारंवार आढळले आहे. कारणे साधी आहेत: लेखक अधिक म्हणजे निबंध माहीत असणारे वर्तुळ मोठे, त्यांचे स्वतःचे पुढील निबंध अधिक, आणि बऱ्याचदा उपकरणेही चांगली. तेव्हा सायटेशनचे गुण दिल्यावर पुन्हा परदेशी सहलेखकांचे वेगळे गुण दिले तर आपली शंका खरी ठरते, एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

पण म्हणून सहकार्याला दिखावा समजणेही चूक आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसतो. नॅनोपदार्थांवर काम करणाऱ्याला नमुने बाहेर पाठवावेच लागतात आणि जिथे मोजमाप होते तिथल्यांची नावे निबंधावर येतात. पदव्युत्तर वर्गांना शिकवून, मर्यादित निधीत, असे संबंध वर्षानुवर्षे टिकवणे ही रसायनशास्त्राच्या सरांची कमाई मानली पाहिजे.

पाहायचे ते माणसाची जागा. प्रायोगिक विज्ञानांत पहिला लेखक बहुधा प्रत्यक्ष काम करणारा, शेवटचा किंवा पत्रव्यवहाराचा (कॉरस्पाँडिंग) लेखक बहुधा प्रकल्पाची दिशा ठरवणारा. मधल्या नावांचा वाटा निबंधागणिक वेगळा. गणितात मात्र नावे सामान्यतः वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे हा नियम सगळीकडे चालवू नये. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीचा २०१५ चा निबंध ५१५४ लेखकांचा होता. तेहतीस पानांपैकी चोवीस पाने लेखक आणि संस्था यांच्या यादीनेच भरली होती. अशा निबंधाचे पूर्ण सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात जमा होते आणि मग एच-इंडेक्स काय सांगतो हे वेगळे सांगायला नको. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत निदान वाटणी तरी आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, त्याहून अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. वाटणी केल्यावर बेरीज शंभराच्या वर जाते, त्यामुळे नावे वाढवण्याचा मोह त्यातून पुरता जात नाही, आणि विभागप्रमुखांचे नाव निबंधावर आपोआप चढण्याची चाल आपल्याला काही नवी नाही.

आणखी एक लक्षण पाहता येते. संशोधक आपल्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकाच्या गटाबाहेर पडून कोणाबरोबर लिहितो का, आणि त्याचे विद्यार्थी पुढे त्याच्याशिवाय लिहू लागले का? मॅडमचे सहलेखक विद्यार्थी आहेत हे आपण काहीसे कमीपणाच्या सुरात लिहिले आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे रोगशास्त्रात काम करत असेल तर त्याला मी मोठा प्रभाव म्हणेन.

वर्तमानपत्रांत दर वर्षी ‘जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत’ अशा बातम्या येतात, त्या यादीबद्दलही कोणी विचारील. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या आधारे केलेली ती यादी एकट्याने लिहिलेल्या, पहिल्या आणि शेवटच्या स्थानावरील निबंधांना वेगळे वजन देते, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे दाखवते, आणि उपविषयानुसार क्रमही देते. या बाबतीत ती कच्च्या एच-इंडेक्सपेक्षा बरी आहे. मात्र संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एकाच वर्षाची वेगळी, आणि बातमीत हा भेद सहसा सापडत नाही.

निवृत्त_भौतिकी_अमळनेर

रावेरच्या मित्रांचे म्हणणे मनाला पटते, पण त्यात एक धोका आहे. स्थानिक उपयोग हे कारण पुढे करून कोणतेही काम तपासणीतून सुटता कामा नये. आंतरपिकाविषयीची जी शिफारस त्यांनी लिहिली ती अनेक संशोधकांच्या कामातून तयार झालेली आहे. त्यातील या मॅडमचा भाग कोणता, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्को (कृषी संशोधन व विकास समिती) बैठकीत मंजूर झालेली शिफारस असेल तर तिचा आधार कोणते प्रयोग होते हे शोधता येते. तेवढे मिळाले नाही तर ‘शेतकऱ्यांना उपयोग झाला’ हे वाक्य सत्काराच्या भाषणात ठीक आहे, निवडीच्या कारणांत नको.

केळीबाग_रावेर

सर, मान्य आहे. फक्त तीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावावी. पाणी शुद्ध करण्यासाठी अमुक नॅनोपदार्थ उपयुक्त ठरेल असे शेकडो निबंधांच्या शेवटी लिहिलेले असते. तो कोणी वापरला का, हेही कागदावर मागावे.

सातपुडा_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे स्कोपसवर दोघांचीही पाहणी केली आणि चित्र बरेच बदलले.

सरांच्या सायटेशनपैकी निम्म्याहून अधिक एका आढावा निबंधाची आहेत, ज्यात आठ लेखकांमध्ये ते पाचवे आहेत. मात्र सांडपाण्यातील रंगद्रव्ये काढण्याविषयीचे त्यांचे तीन निबंध असे आहेत की त्यांत ते स्वतः पत्रव्यवहाराचे लेखक आहेत, आणि त्यांना उद्धृत करणारे गट त्यांच्या ओळखीतले नाहीत. दोन ठिकाणी तर त्यांचीच पद्धत पुन्हा करून पाहिली आहे. मॅडमचे सुरुवातीचे चार निबंध खरोखरच माहेरच्या आडनावावर सापडले आणि ते धरल्यावर आकडा वाढला, तरी तो सरांच्या जवळपास येत नाही. पण विषाणू ओळखण्यासाठी नमुना तयार करण्याची त्यांची एक रीत काही प्रबंधांत वापरलेली दिसते आणि स्कोपस तिची दखल घेत नाही.

समितीत असे ठरवले आहे की दोघांकडूनही स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन निबंध, प्रत्येकातील स्वतःचा वाटा सांगणारा एक परिच्छेद आणि उपयोगाचा पुरावा असल्यास तो, एवढेच मागवायचे. आकड्यांचा तक्ता जोडायचा, पण सर्वांत शेवटी. आमच्या आकडेप्रेमी सदस्यांनी याला संमती देताना एक अट घातली आहे की सहलेखकांनी केलेली सायटेशनही वगळावीत. हे करता येते का? आणि प्रबंधांतील वापर नेमका कसा शोधायचा?

ग्रंथपाल_धुळे

करता येते. स्कोपसच्या सायटेशन आढाव्यात केवळ त्या लेखकाची किंवा सर्वच सहलेखकांची स्वतःची सायटेशन वगळण्याचे पर्याय आहेत. वर्गणी असलेल्या ग्रंथालयातून हे काम लवकर होते. गूगल स्कॉलरमध्ये ही सोय नाही. दोघांनाही एकच पर्याय लावा आणि तक्त्याच्या वर तो कोणता ते लिहा. मोठ्या गटांत काम करणाऱ्याचे आकडे दुसऱ्या पर्यायाने जास्त घटतात, त्यामुळे सरांवर अन्याय झाल्याची तक्रार येऊ शकते. वगळण्याआधीचा आकडाही शेजारी राहू द्या.

प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेट या संस्थेचा शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह पाहा. तिथे प्रबंध प्रकरणवार उघडता येतात. संदर्भयादीत नाव सापडले की तेवढ्यावर थांबू नका. ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण उघडून त्यांची रीत तिथे खरोखर वापरली आहे का ते वाचा आणि त्या पानाची प्रत तक्त्याला जोडा. कृषी विद्यापीठांचे प्रबंध बहुतांशी कृषिकोश या संग्रहात असतात, तेव्हा केळीच्या बाबतीत तिथूनच सुरुवात केलेली बरी.